पिवळा उजेड

"आप्पा, खाली उतरा आधी. स्टूल हलतंय."

"स्टूल नाही हलत, तू हलतेस. बस बघू तिकडं गप."

नववा महिना लागला होता. मी मधल्या खोलीच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी होते आणि आप्पा भिंतीवरची ट्यूबलाइट काढत होते. पट्टी सुटली तशी चोकमागची धूळ आणि पालीची दोन रिकामी अंडी त्यांच्या डोक्यावर पडली. खाली स्टूल धरून उभी असलेली आई म्हणाली, "चांगली चालत होती की. वीस वर्षं एकदा कुरकुर केली नाही तिनं."

"कुरकुर रोजच करत होती," मी म्हणाले. "गुणगुण ऐकू येत नव्हती का तुला? बाळ झोपणार आहे या खोलीत."

बाळंतपणाला मी गडहिंग्लजला माहेरी आले होते. पुण्यात रणधीर आणि सासूबाई. दिवसभर करायला काही नव्हतं, आणि मोकळं बसलं की माझ्या डोक्यात काळज्यांची रांग लागायची. म्हणून घरातले सगळे दिवे बदलायचं मी मनावर घेतलं. एम. एस्सी. फिजिक्स झालेली, दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलेली मुलगी घरात असताना आईवडिलांनी अजून साठाचे बल्ब जाळावेत हे मला बघवत नव्हतं. अकरा पॉइंट होते. आप्पांनी आधी स्वयंपाकघरात एक पांढरा एलईडी लावून बघितला आणि दुसऱ्याच दिवशी उतरवला. म्हणाले, "जेवायला बसलं की ऑपरेशन टेबलावर झोपवल्यागत वाटतंय. आमटी दिसते का रक्त दिसतंय कळंना."

मलाही पांढरा नकोच होता. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो आणि तो नवजात बाळाच्या डोळ्यांना वाईट, असं मी फोनवर कुठंतरी वाचलं होतं. एकदा वाचलं की ते माझ्या डोक्यातून जात नसे. मग आप्पांना दुकानात पाठवून मी वॉर्म व्हाइट आणायला लावले. खोक्यावर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. तीन हजार केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप.

"केल्विन म्हणजे कोण गं?" आईनं विचारलं.

"साहेब होता कुणीतरी," आप्पा म्हणाले. "त्याला पांढरं बघवत नव्हतं."

त्या संध्याकाळी सगळे दिवे एकदम लावले. घर अगदी सोन्यानं सारवल्यासारखं दिसलं. आई हरखून गेली. पानं घेतली तेव्हा भात पिवळा दिसला, आणि आईनं हातातला चमचा तसाच धरून म्हटलं, "अगबाई, हळद पडली का काय?"

"केल्विन!" आप्पा ओरडले.

झालं. घराला खेळच मिळाला. आप्पांचं नीळ घातलेलं धोतर पिवळट दिसलं, केल्विन. दुधावर साय नसताना सायीसारखं दिसलं, केल्विन. मी आरशात बघून "मी किती फिकी दिसतेय" म्हणाले तर आतून आवाज, "केल्विन!" हसता हसता माझ्या पोटात कळ यायची.

मुलगी झाली. पौष लागला होता, थंडी होती. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी कागदावर सगळं लिहून दिलं आणि तोंडानंही सांगितलं. ताप आला, दूध ओढेना झाली, डोळे किंवा अंग पिवळं दिसलं तर थांबायचं नाही, लगेच आणायचं. तो कागद मी उशीखाली ठेवला. दिवसातून चारदा वाचत होते.

मधल्या खोलीला एकच खिडकी. तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांनी बांधलेली दुमजली भिंत. तेवढ्या फटीतूनही वारं येतं म्हणून आईनं खिडकीला वाकळ लावली. दार लोटलेलं. बाळंतिणीची खोली आमच्याकडं अशीच असते. बारा दिवस ना वारं, ना ऊन, ना परकी नजर. कोपऱ्यात शेगडी, शेगडीत ओवा-बाळंतशेपेची धुरी, आणि वर दिवसरात्र ते दोन पिवळे दिवे.

त्या उजेडात मी तिच्याकडं बघत बसायची. झोपत नव्हतेच. तिचे श्वास मोजायचे. किती वेळा प्यायली, किती मिनिटं, कुठल्या बाजूला, किती दुपटी ओली झाली, सगळं एका वहीत लिहीत होते. रणधीरचा फोन आला की वाचून दाखवायचे. तो म्हणायचा, "वैजू, तू आई झालीयस की वॉचमन?"

हौसाबाई अंघोळ घालायला यायची. गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिनंच न्हाऊ घातलेलं, मलासुद्धा. खोलीला लागूनच मोरी होती. तिथं ती पाय पसरून बसायची, नडग्यांवर बाळ पालथं टाकायची आणि चुळकाभर तेल घेऊन असं चोळायची की माझा जीव वरखाली व्हायचा. आई चुलीवरचं पाणी आणायला मागच्या पडवीत जायची तेवढ्यात आम्ही दोघीच असायचो.

चौथ्या दिवशी तिनं बाळाला उताणं केलं आणि हात थांबवला. अंगठ्यानं छाती दाबली, सोडली. परत दाबली.

"वैजा, पोर पिवळं दिसतंया गं."

मी हसले. खरंच हसले. "हौसाबाई, दिवे बदललेत नाही का. वॉर्म व्हाइट आहेत ते. तुमचा हात बघा, तोसुद्धा पिवळाच दिसतोय."

तिनं आपला हात उलटा-सुलटा करून बघितला. काळा, सुरकुतलेला, तेलानं चकाकणारा हात. "माज्या हाताचं जाऊ दे. ह्ये येगळं हाय."

"केल्विनमुळे होतं तसं," मी म्हणाले आणि तिला रंगतापमान म्हणजे काय ते समजावून सांगितलं. वर्गात सांगायची तसंच. ती ऐकत राहिली. शिकलेल्या माणसासमोर आमच्याकडची बायामाणसं जशी मान हलवतात तशी तिनं हलवली आणि पाण्याचा तांब्या उचलला.

पाचव्या दिवशी पाचवीची पूजा होती. आई सकाळपासून त्याच गडबडीत. हौसाबाईनं बाळाला पुसलं, धुरी दिली, पण गुंडाळलं नाही. तशीच पंच्यात धरून बसली.

"दोन मिंटं परड्यात नेऊ का हिला? ऊन हाय. उन्हात बघूया."

"या थंडीत? पाच दिवसांच्या बाळाला?"

"माज्या पदराखाली धरते. बघायचं आन् आणायचं."

"नको. इन्फेक्शन होतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं.

"मग दागदरालाच दाव," ती म्हणाली. "माजं काय ऐकू नगंस. आईला सांगू का तुझ्या?"

तेव्हा मी चिडले. पाच दिवस झोप नव्हती, टाके ओढत होते, आणि मी, जी श्वाससुद्धा मोजत होते, तिला ही बाई सांगत होती की तुला तुझं बाळ दिसत नाही. "आईला काही बोलू नका," मी म्हणाले. "तिला बीपी आहे, उगाच घाबरेल. आणि हे बघा, मी सगळं बघतेय. तुम्ही अंघोळीचं तेवढं बघा."

तिनं बाळाला दुपट्यात बांधलं. बांधताना रोज काहीतरी गुणगुणायची, ते त्या दिवशी गुणगुणली नाही. आई गरम पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "काय हो, आज गप का?"

"काय न्हाई," हौसाबाई म्हणाली. "पाणी जरा बेतानं तापवा उद्या."

ती गेल्यावर मी फोनचा टॉर्च लावून बाळाकडं बघितलं, हे मला सांगायला हवं. टॉर्चचा उजेड डोळ्यावर पडला तशी ती चेहरा वेडावाकडा करून रडली. लगेच मला तो निळा प्रकाश आठवला आणि मी टॉर्च विझवला. किती वेळ? दोन सेकंद असेल. त्या दोन सेकंदांत मला काय दिसलं, हे मी अजून स्वतःला विचारते. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं.

सहाव्या दिवशी ती शहाण्यासारखी झोपली. रडणं नाही, काही नाही. दोन वेळा पाजायला उठवलं तर ओठ हलवून परत झोपली. आई म्हणाली, "गुणी आहे गं नात. तू रात्र रात्र जागवलं होतंस." वहीत त्या दिवशीच्या रकान्यात मी लिहिलं, 'शांत'.

सातव्या दिवशी सोमवार होता. आमच्याकडं सोमवारी दुरुस्तीसाठी लाइट नसते. सकाळी नऊला गेली. खोलीत मिट्ट काळोख झाला आणि शेगडीतले निखारे तेवढे दिसायला लागले. बाळ एकदम किंचाळलं. रडणं नव्हतं ते. बारीक, उंच, तारेसारखा आवाज. मी चाचपडत तिला उचललं तर ती मागं वाकली, धनुष्यासारखी.

"आई! आई, इकडं ये!"

आई धावत आली. दिसत नव्हतं म्हणून तिनं खिडकीवरची वाकळ ओढून काढली आणि दोन्ही झडपा उघडल्या. भिंतीवरून परतून आलेला दिवसाचा उजेड आत आला. साधा, राखाडी.

आईनं भिंतीला हात टेकला.

हळदीच्या दिवशी नवरीला माखतात तशी माझी मुलगी होती. कपाळ, छाती, हाताचे तळवे, पायाचे तळवे. मी तिची पापणी वर केली. डोळ्यातलं पांढरंही पांढरं नव्हतं.

आप्पा दारातून आत आले, म्हणाले, "काय झालं?" आणि मग बघितलं. त्या क्षणी माझ्या मनात मूर्खासारखं आलं, की आता ते केल्विन म्हणतील. ते म्हणाले, "चप्पल घाल."

गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी कोल्हापूरला फोन लावला. आमचे रक्तगट जुळत नव्हते. माझं रक्त तिच्या रक्ताशी भांडत होतं, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. कावीळ एकतीसवर गेली होती. वीसच्या पुढं मेंदूला धोका असतो. रक्त बदलावं लागलं. नंतर तिला एका काचेच्या पेटीत ठेवलं, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, उघडी. वर दिव्यांची रांग होती. इतका निळा उजेड मी कधी बघितला नव्हता.

"हे कसले दिवे?" मी नर्सला विचारलं.

"एलईडीच आहेत. निळ्या उजेडानं कावीळ उतरते," ती म्हणाली. "तीन दिवसांपूर्वी आणली असती तर नुसत्या दिव्यावर भागलं असतं, ताई."

संध्याकाळपर्यंत रणधीर आणि सासूबाई पुण्याहून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, की जीवाचा धोका टळलाय, पण मेंदूवर काय परिणाम झालाय ते आत्ता सांगता येणार नाही. मग त्यांनी फाइल उघडली. "पिवळेपणा पहिल्यांदा कधी दिसला?"

"काल सकाळी," आई म्हणाली.

"असं होत नाही. तीन-चार दिवस असणार. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि ते गेले. रणधीर माझ्याकडं बघत होता. रागानं नव्हे. त्याला खरंच कळत नव्हतं. "वैजू, तू तर सगळं बघत होतीस."

"घरात दिवे पिवळे आहेत हो," आई मध्येच म्हणाली. "त्यात काही कळलंच नाही."

"दिवे कुणी लावले पिवळे?" सासूबाईंनी विचारलं.

आप्पा बाकावरून उठले. "मी लावले," ते म्हणाले, आणि पाणी आणायला म्हणून जिन्याकडं चालू लागले. जिन्याच्या तोंडाशीच हौसाबाई उभी होती. सकाळच्या पहिल्या एस्टीनं आली होती. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, माझ्यासाठी. पदर डोक्यावरून नीट घेतलेला. एवढ्या मोठ्या दवाखान्यात ती कधी आलेली नसावी. फरशीवर चप्पल घालून यावं का नको हे न कळून तिनं चपला हातात धरल्या होत्या.

"ह्या कोण?" सासूबाई म्हणाल्या.

"अंघोळ घालतात बाळाला," आईनं सांगितलं.

"रोज?"

"रोज."

सासूबाईंनी तिला पायापासून वर बघितलं. "मग तुमच्या डोळ्यांत काय माती गेली होती? रोज उघडं-नागडं लेकरू पायावर घेत होतात. पिवळं-पांढरं कळू नये? आमच्या घरचं पहिलं लेकरू आहे ते."

आईला जणू दोर सापडला. "खरंच की हो हौसाबाई. आम्ही अंगडं-टोपडं घातलेलं बघतोय. तुम्हाला दिसायला हवं होतं. एका शब्दानं बोलायचं."

हौसाबाई जिन्यापाशीच उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी रणधीरच्या शेजारी बसले होते. त्याचा हात माझ्या पाठीवर होता. माझ्या पायाशी फरशीचा एक तुकडा उडालेला होता, आणि मी त्या खड्ड्याकडं बघत राहिले. आत कुठंतरी एक यंत्र टीक टीक वाजत होतं. खूप वेळ वाजलं.

"व्हय," हौसाबाई म्हणाली. "चुकलंच माजं. वय झालं, न्हाई दिसलं."

तिनं भाकरी बाकाच्या कडेला ठेवल्या आणि ती गेली. रणधीर म्हणाला, "जाऊ दे आता, त्या बाईला तरी काय बोलायचं." त्याचा हात माझ्या पाठीवरच होता.

मुलीचं नाव अवनी ठेवलं. आठ महिन्यांनी तिच्या कानांची तपासणी झाली. कान ठीक होते, पण आवाज मेंदूपर्यंत पोचत नव्हता. डोक्याला तारा लावलेल्या, ती झोपली होती आणि पडद्यावर एकही लाट उठत नव्हती. कानाला यंत्र लावलं, पुढं बोटांची भाषा शिकलो, तीही आणि मीही. आता ती नऊ वर्षांची आहे. पुण्याच्या घरात सगळीकडं पांढरे दिवे आहेत. रणधीर बाहेरच्यांना सांगतो, की बोटं नीट दिसावी लागतात म्हणून. ते खरंच आहे.

गडहिंग्लजला गेले की हौसाबाईच्या बोळातून मी जात नसे. आईकडून कानावर यायचं. त्या प्रकारानंतर गल्लीतल्या कुणी तिला बोलावलं नाही. आईनंच चार ठिकाणी सांगितलं होतं, चांगल्या मनानं, की हिचे डोळे गेलेत, जपा. एका मंगल कार्यालयात ती भांडी घासायला जायची म्हणे. मग तेही सुटलं.

अवनी चार वर्षांची झाली त्या सुट्टीत मी गेले. तिला बरोबर नेलं. का नेलं कुणास ठाऊक. हौसाबाई उंबऱ्यात बसून वाकळ शिवत होती. दिवेलागणीची वेळ, आत दिवा लावलेला नव्हता. चष्मा नव्हता. तिनं दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला सुईत ओवलं.

"ये," ती म्हणाली. "हीच काय ती?"

अवनीनं तिच्याकडं बघितलं. हौसाबाईनं तिचा हात हातात घेतला, तळवा वर केला आणि अंगठ्यानं दाबून सोडला. मग अवनी वाकळीवरच्या रंगीत चिंध्या बघत बसली.

मी बसले. शेवटी म्हणाले, "हौसाबाई, त्या दिवशी दवाखान्यात मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ती म्हणाली. टाका घातला. "पाहिजे हुतं."

"तुम्ही का घेतलंत स्वतःवर?"

"लगीच कुठं घेतलं? थांबले की मी. तुला आठवंना का? जिन्यापाशी उभी ऱ्हायले, तू बोलशील म्हनून. तू खाली बघत हुतीस." तिनं वाकळ झटकून पुढं ओढली. "मग म्हनलं, सासू म्होरं हाय, नवरा म्होरं हाय. ह्या पोरीला जलमभर त्या घरात नांदायचंय. आन् मला काय, चार घरं. गेली."

"मला रोज आठवतं ते," मी म्हणाले. "एक दिवस जात नाही. तुम्ही मला माफ करा."

तिनं सुई थांबवली. पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं.

"घरी सांगितलंस? नवऱ्याला? आईला?"

मी पुन्हा खाली बघितलं.

हौसाबाईनं दातानं दोरा तोडला आणि नवा घेतला.

"मग माज्याकडं कशाला आलीस, वैजा? मला तर म्हाईतच हाय."